गिटारच्या पोटातला आवाज

माझी बायको संजीवनी गेली त्याला चार महिने झाले होते तेव्हा क्षिप्राचा फोन आला. क्षिप्रा आमच्या इथल्या, परदेशातल्या मराठी मंडळाच्या त्रैमासिकाची संपादक. दिवसा एका बँकेत आयटी मॅनेजर असते आणि उरलेल्या वेळात लोकांच्या मागे लागून लेख मिळवते.

"विलासकाका, काकूंचं पान या वेळी रिकामं आहे," ती म्हणाली. "तिथे त्यांचा फोटो टाकू का? खाली चार ओळी."

"हार घातलेला?"

"हार नको तर नको."

"फोटोच नको. तिचा विसावा लेख अर्धा झालाय. तो पूर्ण करून देतो. तिच्याच नावावर छापायचा."

"पूर्ण कोण करणार?"

"मी."

"काका, गेल्या वर्षी सहलीचा वृत्तांत तुम्ही दिला होतात. 'बस सुटली ०८१०. हवा स्वच्छ. सर्व ठीक.' एवढाच होता."

"मग? ठीकच होतं की सगळं."

बुधवारपर्यंतची मुदत मिळाली. तोवर लेख झाला नाही तर फोटो.

मी एकतीस वर्षं बोटींवर इंजिनं सांभाळली, शेवटची दहा वर्षं चीफ इंजिनिअर म्हणून. आता शिपयार्डमध्ये तपासणीचं काम करतो. संजीवनी मला घरातही चीफ म्हणायची, आणि त्यात आदर किती असायचा ते मला कधी कळलं नाही.

ती अमेरिकेतल्या गायकांवर लिहायची. तेही स्टेडियम भरवणाऱ्यांवर नाही. आठवडाभर दुसरं काहीतरी काम करून शनिवारी एखाद्या हॉलमध्ये ब्लूज किंवा डोंगराकडची जुनी गाणी गाणाऱ्या, आज हयात असलेल्या माणसांवर. त्यांना ईमेल करायची, व्हिडिओ कॉल करायची आणि मग मराठीत लिहायची. मंडळात कोणी विचारलं, "नाट्यसंगीतावर का नाही लिहीत?" तर म्हणायची, "त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. सगळे एकमेकांवरच लिहितात."

याला कारण मीच. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी आमची बोट अमेरिकेत मोबील बंदराला लागली होती. तिथल्या खलाशांच्या क्लबातून मी एक कॅसेट आणली. वर ट्रॅक्टरचं चित्र होतं म्हणून आणली. ती ऐकून ही बाई त्या नादाला लागली ती लागलीच. मी तिला चिडवायचो, "बायको सोडून गेली, कुत्रा मेला, ट्रक बंद पडला. यातलं ट्रकचं पुढे काय झालं तेवढं सांग."

आता त्यातल्या पहिल्या गोष्टीवर मी काही बोलत नाही.

तिची वही मी शनिवारी उघडली. विसाव्या लेखातली बाई डेलमा प्रूइट, वय एकाहत्तर, वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरातली. चोवीस वर्षं शाळेची बस चालवली. गिटार वाजवून गाते. संजीवनीचं तिच्याशी एकदा बोलणं झालं होतं. लेखाची दीड पानं लिहून झाली होती. पुढे पाच प्रश्न, आणि त्यांच्याखाली दोन रेघा मारून 'चीफची परीक्षा' एवढंच.

"हे काय गं?" मी जाईला विचारलं. जाई आमची मुलगी, पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

"आय डोंट नो, बाबा. तुमची एक्झाम आहे. स्टडी करा लाह." इथल्या मुलांच्या प्रत्येक वाक्याला हे 'लाह' चिकटलेलं असतं.

डेलमाबाईंना मी ईमेल केली. त्यांनी सोमवारची वेळ दिली. आपले सकाळचे आठ, त्यांच्याकडे आदल्या संध्याकाळचे आठ. मी इस्त्रीचा शर्ट घातला. जाईने लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर मांडला आणि मागचा वाळत घातलेल्या कपड्यांचा स्टँड ओढून बाजूला नेला.

स्क्रीनवर बाई आल्या. पांढरी वेणी, चौकड्यांचा शर्ट, मांडीवर गिटार, खिडकीत अजून उजेड. त्या संजीवनीबद्दल दोन वाक्यं बोलल्या आणि तिथेच थांबल्या. मला ते बरं वाटलं.

मी पाचही प्रश्न वाचले, उत्तरं लिहून घेतली. जाई कॅमेऱ्याबाहेरून खुणा करत होती की जरा हसा.

"तुम्ही कस्टम्समध्ये होतात का?" बाईंनी विचारलं.

"इंजिनरूममध्ये."

"हां, ती म्हणाली होती. मग आता ऐका." आणि त्या वाजवायला लागल्या.

मी खरंच ऐकत होतो. दवाखान्यात असताना संजीवनीने दोनदा मला हेडफोन दिला होता, एकदा तरी ऐका म्हणून. माझ्या हातात तिचे रिपोर्ट होते. मी म्हणालो होतो, नंतर ऐकतो. ते या वेळी तरी करायचं असं ठरवलं होतं.

गाणं चांगलं असावं. पण मिनिटभरात माझं लक्ष दुसरीकडे गेलं. बाईंनी जोरात तार छेडली की आतून एक बारीक खर्र असा आवाज येत होता. तारेचा नव्हता. लाकडाचाही नव्हता. बेअरिंगच्या आवरणात काही सुटं पडलं की असाच येतो. मी मान वाकडी करून कान लॅपटॉपला लावला. शेवटी राहवलं नाही.

"मॅडम, थांबा."

जाईने कपाळावर हात मारला.

"तुमच्या गिटारच्या पोटात काहीतरी सुटं आहे. हलकं आहे, कोरडं आहे, पोकळ असावं. तारा सैल करून आत हात घाला आणि काढून टाका. नाहीतर लाकूड घासेल."

बाई गिटार बाजूला ठेवून हसायला लागल्या, इतक्या की त्यांचा कुत्रा भुंकत आला.

"हरले," त्या म्हणाल्या. "तुमची बायको जिंकली."

हळूहळू उलगडा झाला. गिटारच्या आत खुळखुळ्या सापाच्या, म्हणजे रॅटलस्नेकच्या, शेपटीचा खुळखुळा होता. त्यांच्याकडच्या डोंगरात काही जुने वादक तो वाद्यात टाकतात. आवाज सुधारतो म्हणतात, उंदीर येत नाहीत म्हणतात. पहिल्या कॉलच्या वेळी बाईंनी तो दाखवला होता. कुठून मिळाला ते मात्र सांगेनात. आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं. तेव्हा संजीवनी म्हणाली होती, "माझ्या नवऱ्याला काही न सांगता नुसतं ऐकवा. गाणं त्याला कळणार नाही, पण हे पहिल्या मिनिटात सापडेल. सापडलं तर तो कुठून मिळाला ते मला सांगायचं." बाई म्हणाल्या होत्या, "रेकॉर्डिंगवाल्यांना सापडत नाही, नवऱ्याला काय सापडणार?" आणि पैज लागली होती.

"आता सांगावंच लागेल," बाई म्हणाल्या. त्यांचा नवरा ऑर्विल. त्याने सगळ्या गावाला सांगितलं होतं की पाच फुटांचा साप कुदळीने मारला आणि खुळखुळा बायकोच्या गिटारसाठी आणला. लोक अजून ती गोष्ट सांगतात. खरं म्हणजे ऑर्विल गांडुळालाही भ्यायचा. खुळखुळा त्याने हायवेवरच्या पेट्रोल पंपावरून, की-चेन ठेवतात तिथून विकत आणला होता. एकदाच, तापात असताना, बायकोजवळ कबूल केलं. तो जाऊन नऊ वर्षं झाली. बाईंनी त्याची लाज राखली होती.

"मग हे छापू नको म्हणता?" मी विचारलं. माझं पेन थांबलं होतं. याच्याशिवाय लेख पुरा होत नव्हता, हे मलासुद्धा कळत होतं.

त्यांनी विचार केला. "तुमची भाषा आमच्या गावात कोणी वाचतं का?"

"नाही."

"मग छापा. ऑर्विललाही कोणाला तरी सांगायचंच होतं."

मी सोमवारी आणि मंगळवारी शिपयार्डमधून आल्यावर लिहीत बसलो. जाईने वाचून बघितलं. "बाबा, 'कुत्रा उपस्थित, प्रकृती उत्तम' हे काढा." मी काढलं. "आणि शेवट कुठे आहे?"

"झाला की. सर्व सांगून झालं."

"आई शेवटचं वाक्य आधी लिहायची. वहीच्या मागच्या पानावर. नेहमी."

पाच वर्षं ती बाई माझ्या समोर बसून हे लेख लिहीत होती. मला हे ठाऊक नव्हतं. मी वही उलटी केली. मागच्या पानावर ओळीने वीस वाक्यं होती, लेखाचा नंबर घालून. विसाव्यासमोर तिने लिहिलं होतं, पैजेचा निकाल लागायच्या कितीतरी आधी:

'ही गोष्ट मला कळली ती आमच्या चीफच्या कानांमुळे. ते कान फार चांगले आहेत, फक्त घरात फारसे वापरले जात नाहीत.'

जाई हसली. मी चष्मा पुसला, मग ते वाक्य जसंच्या तसं टाइप केलं आणि क्षिप्राला लेख पाठवला. वर नाव संजीवनीचं.

तासाभराने क्षिप्राचा मेसेज आला. "काका, शेवट वाचला. तुमच्याबद्दल आहे. काढायचा असेल तर आत्ताच सांगा."

मी लिहिलं, "राहू दे. बरोबर आहे."