दुसरा डोळा

“दुसरा डोळा मिटायचा न्हाई. एक डोळा भोकाला, दुसरा उघडा. भोकातल्याला फोटो दिसतो, उघड्याला माणसं दिसत्यात.”

वाल्मिकनं हे बायकोला, मनकर्णेला, अंगणात तुळशीपाशी उभं करून शिकवलं होतं. आज नेवाशाजवळच्या लॉन्समध्ये, लग्नाच्या फोटोच्या कामावर, खांद्याला कॅमेऱ्याची बॅग अडकवून ती त्याच्यामागं उभी होती, आणि तेच शब्द तिच्या कानात घोळत होते.

शिकवायचं कारण त्या दोघांनाच ठाऊक. दिवस मावळला की वाल्मिकला दिसेनासं व्हायचं. त्याच्या वडिलांचंही असंच सुरू झालं होतं. पुढं त्यांना भर दुपारी हाताला धरून न्यावं लागे. डॉक्टर म्हणाले, हे रक्तातून येतं, औषध नाही. घरी आल्यावर वाल्मिक म्हणाला, “आपल्या पोरीचं, राजनंदिनीचं लग्न जमेपर्यंत ह्या कानाचं त्या कानाला कळता कामा न्हाई. आन कुणाच्याबी लग्नात अंतरपाट सुटायच्या वेळेला माझं काय झालं तर तू उभी ऱ्हा. त्यो फोटो परत मिळत नसतो.” मनकर्णेनं तुळशीला हात लावून हो म्हटलं.

ती बोलायची कमी, पण बोललेलं पाळायची. रोज सकाळी दिवा लावताना एकच मागायची, आज तोंडून खोटं निघू नये.

मग वाल्मिकनं बिनआरशाचा कॅमेरा घेतला. पहिल्या दिवशी अंधाऱ्या ओसरीत त्याला डोळा लावून तो लहान पोरासारखा हसला. “अगं, जुन्या कॅमेऱ्यात आरसा असतो. बाहेर जेवढा उजेड तेवढाच आत. ह्याच्यात बारका टीव्ही हाय. अंधारातलंबी उजळून दाखवतो. तू दिसतीस मला!” तेव्हापासून सांजवेळी तो कॅमेरा त्याच्या डोळ्यावरून खाली यायचा नाही. लोक चेष्टा करायचे, “वाल्मिकभाऊ, जेवताना तरी काढा की त्यो!” आणि मनकर्णेला, “वहिनी, बॅगा उचलायला बरी तुमची नेमणूक झाली!” ती हसून पदर सारखा करायची.

आजचं लग्न गोरज मुहूर्ताचं. उजेड आहे तोवर उरकेल असं वाटलं होतं. पण एकेका पाहुण्याचा सत्कार आणि आशीर्वादाची भाषणं काही संपेनात. पाणीटंचाईवरसुद्धा बोलून झालं. तोवर अंधार पडला. त्यात टीव्हीवाला कॅमेरा बॅटरी खातो, ती नेमकी संपली.

“बजरंग, बॅटरी दे रं,” वाल्मिक म्हणाला.

बजरंग फोटोच्या दुकानातला भागीदार, वाल्मिकच्याच हाताखाली शिकलेला. त्यानं खिसे चाचपल्यासारखं केलं. “दुकानातच राहिल्या वाटतं, भाऊ. ह्यो घ्या आपला जुना, आरशाचा. तुमच्या हातचा तर हाय.” त्यानं नवा कॅमेरा काढून मनकर्णेच्या बॅगेत टाकला आणि जुना वाल्मिकच्या गळ्यात अडकवला, अगदी हार घातल्यासारखा.

“दिवे हायत तंवर ठीक, पण...” वाल्मिक बोलतच होता, तेवढ्यात दिवे गेले.

गेले नव्हते, घालवले होते. नवरीची एन्ट्री होती. गाणं वाजलं, धूर सुटला, आणि स्टेजपर्यंतच्या गालिच्यावर दोन्ही बाजूंनी चांदीच्या ठिणग्यांची कारंजी उडाली. फोटोवाल्यानं अशा वेळी नवरीकडं तोंड करून उलटं चालायचं असतं. मनकर्णा पुढं धावली, पण बजरंग मध्ये आडवा. “थांबा वहिनी, व्हिडिओत येताय!”

वाल्मिकनं डोळा लावला. आत काळंच. दुसरा डोळा उघडा होता, तिथंही काळंच. मागं सरकता सरकता त्याचा पाय ठिणग्यांच्या भांड्यात अडकला. सावरायला त्यानं हात टाकला तो नवरीच्या शालूवर. शालू फरफटला, नवरी गुडघ्यावर आली, आणि वाल्मिक धुरात पाठीवर पडला. दिवे लागले तेव्हा पोरं मोबाईल वर धरून खिदळत होती.

“टल्ली हाय! फोटोवाला टल्ली हाय!”

नवरीचे आजोबा आबासाहेब काठी टेकत आले. वाल्मिकच्या गळ्यात तुळशीची माळ त्यांनीच घातली होती. “पिऊन आलास? माझ्या नातीच्या लग्नात?”

बजरंगनं हात जोडले. “आबा, भाऊ थेंबाला शिवत न्हाईत. त्यांना अंधारात दिसतच न्हाई हो, रोज बघतोय मी. त्यांच्या वडलांसारखंच. मी कवाचं म्हणतोय, दुकानाचा भार टाका माझ्यावर.” आवाज इतका मायेचा की दोघीतिघींनी चुकचुक केली.

त्यांच्यातच केशरबाई होत्या, देवळाली प्रवऱ्याच्या. राजनंदिनीला मुलासाठी बघून गेलेल्या. होकार द्यायचा राहिला होता. त्यांनी बजरंगकडं पाहिलं, मग मनकर्णेकडं. “व्हय का ओ? घराण्यातच हाय का हे डोळ्याचं?”

मनकर्णेचा त्या दिवशी उपास होता.

“न्हाई,” ती म्हणाली. “प्यायलेत ते.”

“वहिनी!” बजरंग बोलला. “वास घेऊन बघा कुणीबी...”

“मला वास ओळखू येतो. घरात रोजचंच हाय.”

वाल्मिकनं आवाजाच्या दिशेला तोंड वळवलं. मग तो खाली बघून म्हणाला, “व्हय आबा. घेतली हुती.”

“मग माळ काढ.”

त्यानं हात गळ्याशी नेला. माळ कॅमेऱ्याच्या पट्ट्यात गुंतली होती, सुटेना. शेवटी मनकर्णा वाकली, पट्टा काढला, आणि सगळ्यांदेखत नवऱ्याच्या डोक्यावरून माळ वर ओढून घेतली. एक मणी त्याच्या कानाला अडकला, तोही तिनं सोडवला. आबासाहेब थुंकले आणि वळले.

केशरबाई जाता जाता तिच्या दंडाला हात लावून हळू म्हणाल्या, “मनाला लावून घिऊ नका. आमच्यातबी घेतात. रक्तातलं काय नसलं म्हंजे झालं. रविवारी या साखरपुड्याचं बोलायला.”

मनकर्णेनं मान डोलावली.

तिनं वाल्मिकला आचाऱ्याच्या मंडपामागं खुर्चीवर नेऊन बसवलं. त्याचा गळा मोकळा दिसत होता. माळेच्या जागी कातडी उजळ राहिलेली. स्टेजवर भटजींनी मंगलाष्टकं सुरू केली.

“केशरबाई काय म्हणाल्या?” त्यानं विचारलं.

“रविवारी बोलवलंय.”

त्यानं गळ्यावरून हात फिरवला. “अंतरपाट सुटला का गं?”

“न्हाई अजून.”

“मग हितं काय करतीस?”

तिनं माळ बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवली आणि नवा कॅमेरा बाहेर काढला. बजरंग स्टेजखाली हारवाल्याशी हसत उभा होता. ती त्याच्यासमोर गेली आणि तळहात पुढं केला.

“बॅटरी.”

“दुकानात हायत म्हणलं की. आन तुमाला काय कळतंय वहिनी त्यातलं?”

तिनं हात मागं घेतला नाही. हारवाला टकामका बघायला लागला. बजरंगनं इकडं तिकडं पाहिलं आणि पँटच्या खिशातून बॅटरी काढून दिली. ती अंगाच्या उबेनं गरम झाली होती.

वाल्मिकनं शिकवल्याप्रमाणं तिनं बॅटरी आत सरकवली. चपला पायरीपाशी काढल्या. पाहुण्यांच्या हातात अक्षता तयार होत्या. शेवटचं मंगलाष्टक सुरू झालं होतं. मनकर्णेनं एक डोळा कॅमेऱ्याला लावला, दुसरा उघडा ठेवला, आणि कुणाला धक्का लागू न देता ती अंतरपाटाच्या दिशेनं निघाली.