पांढऱ्या साड्यांचा उजेड

भामाआत्याच्या घरात तिच्या लेकीचा, जयाताईचा एकच फोटो होता, स्थळांना दाखवायला स्टुडिओत काढलेला. चेहऱ्यावर पावडरीचा थर, आणि वरून ब्रश फिरवून केलेला गोरेपणा.

"मी सासरी गेले की भिंतीवर ही बाई ऱ्हाणार," लग्नाच्या सकाळी ताई मला म्हणाली. "आईला माझा फोटो पायजे वृषे, हिचा न्हाई. काळी तर काळी येऊ दे."

मी नुकतीच फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले होते. कॅमेरा नगरच्या कॉलेजातल्या सरांकडून मागून आणलेला. घरी सावेडीत त्याच्यावर कृष्णधवल फोटो काढून पाहिले होते, पण रंगीत रोल हा पहिलाच. आणि पुणतांब्यातल्या त्या लग्नात दुसरा कॅमेराच नव्हता.

बुद्धवंदना झाली, हार घालून झाले. मंडपाचं कापड लाल-पिवळं होतं. त्यातून गाळून येणाऱ्या उन्हात ताईची पांढरी साडी केशरी दिसत होती आणि चेहरा तांबडा. आपला डोळा अशी झाक सावरून घेतो, फिल्म घेत नाही. म्हणून तिला बाहेर नेलं, तर मे महिन्याच्या डोक्यावरच्या उन्हात डोळ्यांच्या जागी नुसत्या काळ्या खाचा. शेवटी तिला ओसरीच्या सावलीत बसवलं.

उजेड मोजायचं मीटर साडीवर धरल्यावर काटा वर गेला. मीटर समोरचं सगळं करडंच धरून चालतं. त्याचं ऐकलं असतं तर साडी करडी आली असती आणि ताईचा नुसता कोळसा. मी जवळ जाऊन मीटर तिच्या गालापाशी धरलं. काटा जेमतेम हलला.

"झालं का गं?" भामाआत्याने विचारलं. "पंगत खोळंबलीय."

"अजून उजेड पाहिजे, आत्या."

"गाव भाजून निघालंय, आन् हिला उजेड पायजे."

बायका हसल्या. फोटो निघतोय म्हटल्यावर मंडपातल्या सगळ्याजणी उठून आल्या आणि ओसरीपुढच्या उन्हात, माझ्या दोन्ही बाजूंना दाटीवाटीने बसल्या. आत्यासुद्धा. सगळ्या पांढऱ्या साड्यांत. मधे येऊ नका, असं मी म्हणणार होते. तेवढ्यात काटा चढू लागला.

मी कॅमेऱ्याला डोळा लावला. ताईचा चेहरा समोरून, खालून उजळत होता. हनुवटीखालची सावली विरली. गालाच्या उंचवट्यावर तांबूस, कानशिलापाशी आभाळाचं निळसर, आणि मधे तो तिचा दाट, तुकतुकीत सावळा रंग. परावर्तनाच्या आकृत्या मी परीक्षेत कितीदा काढल्या होत्या. त्यातले बाण असे एखाद्या माणसाच्या चेहऱ्यावर येऊन थांबतात, हे मला माहीतच नव्हतं.

"उठू का?" शेजारच्या राहीबाई म्हणाल्या. "लई तापतंय."

"नका हलू," मी म्हणाले आणि बटण दाबलं.

प्रिंट घेऊन मी पुन्हा पुणतांब्याला गेले. आत्या फोटो दारातल्या उजेडात धरून बघत राहिली. मग तिने ताईच्या गालावरून हलकेच बोट फिरवलं.

"व्हय. ही माझी जया."

मी तिला भिंग दिलं आणि ताईच्या डोळ्यांत बघायला सांगितलं. बुबुळांवर एक बारीक पांढरी पट्टी होती.

"हे काय हाय?"

"तुम्ही सगळ्या. समोर बसला होतात ना."

आत्या वाकून बराच वेळ बघत होती. मग हळूच म्हणाली, "यात मी कंची?"