मास्तरांचा पायगुण

शिंपीमास्तरांनी जन्मात चेंडूला एकदाच पाय लावला, तोही शाळेत. चेंडू राहिला बाजूला, मास्तरच आडवे झाले. तेव्हापासून खेळावं लोकांनी आणि पाहावं आपण, असं त्यांनी ठरवूनच टाकलं. पण पाहणं तरी कसं! दिवसभर मशीनवर वाकलेला हा ढेरपोट्या माणूस सामना लागला की खुर्चीत बसल्या बसल्या घामाघूम व्हायचा. तिकडे कुणी गोलाकडे धावला की इकडे यांचे दोन्ही पाय मशीन चालवल्यासारखे हलायचे. एवढं सुख त्यांना दुसऱ्या कशात मिळालं नव्हतं. बायकोत तर नाहीच, असं बायकोच म्हणायची.

भिंतभर टीव्हीही त्यांनीच आणलेला. त्यामुळे समोरचा न्हावी, सख्खा मेव्हणा आणि गल्लीतले चार-दोन टगे सामन्याला मास्तरांच्याच घरी.

या हंगामात मात्र माशी शिंकली. पहिल्याच सामन्यात मास्तर पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले आणि आपल्या संघानं गोल ठोकला. ते परत येऊन बसले, तर समोरच्यांनी लगेच फेडला. पुढच्या सामन्यात न्हाव्यानं त्यांना मुद्दाम आत पिटाळलं. पुन्हा गोल! झालं, निकाल लागला.

"दाजी, राग मानू नका," मेव्हणा म्हणाला, "पण तुमची नजरच वाईट."

तेव्हापासून सामना लागला की मास्तर स्वयंपाकघरात आणि दाराला बाहेरून कडी. घर त्यांचं, टीव्ही त्यांचा, आणि आत बसून टोळीचा चहा उकळायचा तोही त्यांनीच. त्यांच्या खुर्चीत बायको बसू लागली. आधी नुसती टेकायची. मग पंचाला सगळ्यांत मोठ्या आवाजात शिव्या तीच घालू लागली. आणि संघ मेला जिंकतच सुटला!

अंतिम सामन्याच्या दिवशी मास्तर काकुळतीला आले. "अगं, आज तरी बसू दे. कोपऱ्यात बसतो. वाटलं तर डोळे मिटून बसतो."

"मिटायचेच आहेत तर आत मिटा," बायको म्हणाली. सगळे खो-खो हसले. कडी लागली.

बरोबरी झाली, जादा वेळ झाला, पेनल्टी सुरू झाल्या. आता शेवटची किक आपली, गेली की करंडक आपला, एवढं मास्तरांना दारातून ऐकू आलं आणि त्यांचा धीर सुटला. दाराच्या वर झरोका होता. त्यांनी पिठाचा डबा ओढला, ओट्याला धरून, कण्हत-कुथत त्यावर चढले आणि झरोक्याला डोळे लावले. गोलकीपर डावीकडे झेपावला, चेंडू उजवीकडून जाळ्यात! अख्ख्या हंगामात पाहिलेला पहिला गोल. मास्तरांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. उड्या मारता मारता बायकोनं वर पाहिलं. नजरानजर झाली.

कडी निघाली. टोळीनं मास्तरांना उचलूनच घेतलं. "पावलात, मास्तर!"

"अरे थांबा, मी पाहिला!" मास्तर ओरडले. "झरोक्यातून पाहिला! मी पाहिला तरी गोल झाला! माझी नजर वाईट नाही रे!"

न्हाव्यानं त्यांचा पाय सोडला.

"हिला विचारा. हिनं मला पाहिलंय."

सगळे बायकोकडे बघू लागले. तिनं खुर्चीच्या हातावरून हात फिरवला.

"काहीतरीच बोलतात," ती म्हणाली. "यांना जिना चढताना धाप लागते, हे झरोक्यापर्यंत पोचणार?"

हशा पिकला. "आनंदानं डोकं फिरलं दाजींचं!" असं म्हणत मेव्हणा सगळ्यांना घेऊन नाचायला रस्त्यावर गेला.

मास्तर पुन्हा स्वयंपाकघरात येऊन टेकले. बायको कप घेऊन आत आली. पिठाच्या डब्याचं झाकण खोलगट चेपलं होतं. तिनं ते बोटानं दाबून पाहिलं.

"का गं असं केलंस?" मास्तरांनी विचारलं.

"पुढच्या हंगामापासून हा डबा बाहेर ठेवीन," ती म्हणाली.

एवढ्यात बाहेर टीव्हीवर तोच गोल पुन्हा दाखवू लागले. मास्तर धडपडत उठले.

"तुम्ही कप विसळा," ती म्हणाली, आणि बाहेर जाऊन तिनं कडी लावली.