राज्यमार्गावरचं खळं

दहिवडीहून मायणीवरून विट्याला, म्हणजे साताऱ्यातून सांगलीत उतरणारा तो रस्ता दीपमालाच्या अंगणाला लागूनच जात होता. लग्न होऊन ती कोरेगावहून आली तेव्हा तो एका गाडीपुरता होता. सत्त्याण्णव साली रुंद झाला, राज्यमार्गाची पाटी लागली आणि तिच्या जिवाचा घोर वाढला. बी.ए. झालेली बाई, पण हॉर्न वाजला की हातातलं टाकून आधी प्रथमेश कुठं आहे ते बघायची. नवरा महेंद्र मुंबईला. चार वर्षांच्या पोराची राखण तिच्यावरच.

सासू, चंद्राबाई, तिच्या धास्तीला हसायच्या. बहात्तरच्या दुष्काळात याच रस्त्यावर त्यांनी खडी फोडली होती. लहानग्या महेंद्रला त्या घरासमोर रस्त्याखालून जाणाऱ्या मोरीच्या नळ्यात सावलीला निजवायच्या. ही गोष्ट प्रथमेश पुन्हा पुन्हा सांगायला लावायचा.

मार्गशीर्षात हुलगा काढला. वाळलेले वेल डांबरावर पसरायचे आणि येणाऱ्या गाडीला हात करून त्यावर बोलवायचं, म्हणजे चाकांखाली शेंगा फुटतात, ही तिथली रीतच. ड्रायव्हरही हाताच्या खुणेवर गाडी वळवत. आता गाड्या जोरात येतात, यंदा अंगणातच मळू, असं दीपमाला म्हणाली.

"आमच्या हातचा रस्ता, आन् आमीच भ्यायचं व्हय?" चंद्राबाई म्हणाल्या.

दुपारी त्या पाणी प्यायला घरात गेल्या. दीपमालानं कडेचे वेल आत लोटले, मागं वळून पाहिलं, तर प्रथमेश नव्हता. हाक मारली; ओ नाही. सकाळपासून तो वेलांखाली शिरून लपत होता, तिनं ओढून काढून दटावलंही होतं. आता ढिगाच्या कडेला त्याची एक चप्पल पडलेली.

ती गुडघ्यांवर बसून वेल उपसायला लागली. तेवढ्यात मायणीकडच्या वळणावर खडीचा ट्रक दिसला.

ती उठून दोन्ही हात जोरजोरात हलवायला लागली. ट्रक आपल्या बाजूनं येत होता, तो सरळ वेलांवर वळला. काचेमागं ड्रायव्हर हसत होता. त्याला वाटत होतं, बाई बोलावते आहे. जितके हात हलवावेत तितका तो नेमका वेलांवर येणार.

तिनं हात खाली सोडले आणि ती वेलांवर फतकल मारून बसली.

ब्रेक करकरले. इंजिनाची धग तिच्या कपाळाला लागली.

ड्रायव्हर शिव्या देतच उतरला. ती नुसती वेल ओढत राहिली. तिचं तोंड बघून त्यानं काय ते ओळखलं आणि तोही खाली बसला. चंद्राबाई धावत आल्या. तिघांनी पार डांबर दिसेपर्यंत वेल उपसले. खाली काही नव्हतं.

चंद्राबाई एकदम थांबल्या. रस्त्याखाली उतरून मोरीच्या नळ्यात वाकल्या. "प्रथमेशा, हायस का रं?"

आतून झोपाळलेला आवाज आला, "आज्जी, बाबा हितंच निजायचं न्हवं?"

दीपमालानं त्याला ओढून छातीशी धरलं. रडूही येईना. ड्रायव्हरनं घाम पुसला आणि आता वेलांवरून गाडी घालू का म्हणून विचारलं. सवयीनं चंद्राबाईंचा हात वर गेला, आणि अर्ध्यातूनच खाली आला.

"नगं," त्या म्हणाल्या. "अंगणात बडवू."

ट्रक बाजूनं हळू निघून गेला. दोघींनी प्रथमेशचे हात दोन्हीकडून धरले होते, आणि ट्रक दिसेनासा झाला तरी चंद्राबाई हात सोडत नव्हत्या.