मेणात आडवा

तुम्ही मला आडवं निजवलंत आणि वर म्हणालात, आत काही नाही.

मी एका शिंप्याच्या जिभेचा तुकडा बोलतोय. तांदळाच्या दाण्याएवढा. जिभेच्या कडेला पांढरा चट्टा आला होता. दुखत नव्हता, म्हणून त्यानं सहा महिने अंगावर काढला. शेवटी बायकोनं जवळजवळ ओढतच दवाखान्यात आणलं. सुई टोचून जीभ बधिर केली आणि मला कापून घेतलं. तेव्हापासून मला काही जाणवत नाही. घडलं तेवढं सांगतो.

औषधाच्या पाण्यात मी ताठरलो. मग प्रयोगशाळेतल्या ताईंनी मला वितळलेल्या मेणात बसवलं. त्या दिवशी चाळीस तुकडे होते. चिमट्यातून सुटून मी कलंडलो आणि मेण थिजलं.

यंत्रानं माझे पापुद्रे काढले, ते काचेवर चढले, पण मी आडवा, म्हणून सगळे वरच्याच थराचे. त्याला अभिस्तर ऊती म्हणतात. पेशीला पेशी खेटून, फरशीवर फरशी रचावी तशा. मधे रक्तवाहिनीलाही जागा नाही. छत बघून आतल्या खोलीत कोण आहे ते कळत नाही. तरी डॉक्टर मॅडमनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, "सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा" असं लिहिलं आणि सही नंतरसाठी ठेवून पुढची काच घेतली.

माझी काच परत आली तेव्हा ताईंनी सहज डोळा लावला. "यात स्नायूच नाही, बहुतेक मी हा तुकडा आडवा बसवला," असं ताई मामांना म्हणाल्या. मामा प्रयोगशाळेतले सगळ्यात जुने, तेही तुकडे बसवायचे.

"तांदळाएवढ्याला काय उभं नि काय आडवं? मॅडमचा पारा आधीच चढलाय. जाऊ द्या."

ताई गेल्याच. "मॅडम, सही करू नका. चूक माझी आहे."

मॅडम खूप बोलल्या. ताई माझा मेणाचा ठोकळा घेऊन परत आल्या.

मेण पुन्हा वितळलं. या वेळी भिंगाखाली धरून ताईंनी मला उभं केलं. आता एकाच कापात मी सगळा दिसलो. छताखाली पातळ पटल. त्याखाली संयोजी ऊती, विरळ पेशी आणि सगळ्यांना धरून ठेवणारं तंतूंचं जाळं. मग स्नायू ऊतीचे पट्ट्यापट्ट्यांचे धागे, उभे, आडवे, तिरपे. जीभ वळते ती त्यांच्यावर. त्यांच्यात चेता ऊतीची एक बारीक जुडी. तिच्या पेशी दूर मेंदूपाशी, इथे फक्त लांब शेपट्या. दुखणं कळवायचं काम तिचं. तिनं कळवलं नाही, कारण तिच्यापर्यंत अजून कोणी पोचलंच नव्हतं.

पण एका जागी पटल फाटलं होतं. वरच्या पेशी खाली, जाळ्यात उतरल्या होत्या. केसभरच, पण कर्करोग असाच आत शिरतो.

मॅडमनी आधीच्या ओळीवर काट मारली आणि "याच आठवड्यात शस्त्रक्रिया" असं लिहिलं. आता थोडीशी कड जाईल, म्हणाल्या. सहा महिन्यांनी अर्धी जीभ गेली असती.

मला आनंद झाला का, ठाऊक नाही. क्रमांक लावून मी खणात उभा आहे. मागणं एकच: आम्हाला नीट उभं करा. घाई असली तरी करा.

ताई खण लावत होत्या. मामांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "ताई, कालचा ट्रे पण काढा. ते तुकडे मी बसवलेत."