भिंतीवरची हिरवी साडी

ओतूरच्या नव्या कॅथलिक चर्चसमोर सकाळीच रांग लागली होती. प्रार्थनेच्या छोट्या अंधाऱ्या खोलीत भिंतीवर माणसं चालताना दिसत. पाय वर, डोकं खाली.

"गेलेल्यांचं चालणं उलटंच असतं, राव!" सावळेराम भगत ओरडत होता. "आपलं माणूस वळखा. ते दुखणं घेऊन जाईल. गोळ्या-इंजेक्शन बंद!"

"हे खरं नाही," असं सांगून फादर थकले होते.

पहिल्या दिवशी भिंतीवरून हिरवी साडी गेली आणि मी हंबरडा फोडला, "इंद्रायणी!" माझ्या बायकोची तसलीच साडी होती; तिला जाऊन दीड महिना झाला होता. माझं रडणं बघून गर्दी दुप्पट झाली. तिच्या थोरल्या बहिणीनं, गोजरबाईनं, इन्सुलिन सोडलं.

दुसऱ्या दिवशी समोरच्या, रस्त्याकडच्या भिंतीतलं भोक दिसलं. सेंट्रिंगचं, म्हणजे काँक्रीटला फळ्यांचा साचा लावायचं काम माझंच. फळ्या काढल्यावर त्या आवळणाऱ्या सळ्यांची भोकं बुजवायची असतात. एक राहिलं, कारण त्याच दुपारी दवाखान्यातून इंद्रायणी गेल्याचा फोन आला होता. मला सगळं कळलं. तरी गप्प बसलो. साडी पुन्हा बघायची होती.

तिसऱ्या दिवशी चर्चचा आराखडा काढणाऱ्या रूही मॅडम जुन्नरहून आल्या. "इथं खिडकी नको, असं मीच ठरवलं होतं," त्या म्हणाल्या. "मग उजेड कुठून येतोय?"

तेवढ्यात गोजरबाई भिंतीला टेकून बसली. तिला धाप लागली होती.

"पावणं, पाणी द्या. लई तहान लागली. इंदी आली का?"

"न्हाई आली, आक्का! ती येणार न्हाई. हे भोक माझं हाय!" मी भोकावर बोट ठेवलं. भिंत कोरी झाली. बोट काढलं, माणसं परत चालू लागली.

"बाहेर ऊन, आत अंधार," मॅडम म्हणाल्या. "उजेड सरळ जातो. डोक्याचा भोकातून खाली पडतो, पायाचा वर. रस्त्यावरचीच माणसं आहेत ही."

कुणीतरी रस्त्यावरून हिरव्या साडीवालीला आत आणलं.

"आवो, मी आहुप्याची धोंडाबाई, रोज इथनं टमाटं तोडायला जाते. मला जित्तेपणीच कशाला मारता?"

लोक हसले. सावळेराम सटकला होता. मी गोजरबाईला उचलून रिक्षात घातलं.

ती वाचली. डॉक्टर म्हणाले, आणखी एक दिवस गेला असता तर अवघड होतं. तो एक दिवस मी गप्प होतो.

चमत्कार दिसला तर आधी उजेड कुठून येतो ते शोधा. औषध सोडू नका. आणि खरं ठाऊक असेल, तर त्याच दिवशी बोला.