चार चमचे पेज

हौसा गेल्याचं महिपतला मंगळवारी सकाळी कळलं. डॉक्टरीणबाई आयसीयूच्या दारात आली, मास्क खाली ओढून म्हणाली, "काका, नाही वाचवू शकलो." मग आवाज उतरवून तिने विचारलं, "शनिवारी नळी घालताना उलटी झाली, ती फुप्फुसात गेली. पोट रिकामं नव्हतं. तुम्ही खरंच काही दिलं नव्हतं ना?"

"नाय." शनिवारीही महिपतने हेच सांगितलं होतं.

शेजारी त्याचा मुलगा सर्वेश उभा होता, आदल्याच दिवशी मुंबईहून आलेला. तो उसळला, "आई गेली आणि वर आप्पांनाच विचारता? स्वतःची चूक झाकायला?"



शनिवारी हौसाला धाप आवरत नव्हती. न्यूमोनिया होता. डॉक्टरीणबाईने नीट समजावलं होतं, घशातून श्वासाची नळी घालू, मग नाकातून दुसरी, तिच्यातून पातळ अन्न देऊ. तोवर पाण्याचा थेंबही नको. नर्स वळली तशी हौसाने तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क सरकवला.

"अहो, डबा आणलाय ना? वाईच पेज द्या."

"नको बोललेत. मागनं नळीतनं देतील."

"नळीतली पेज जिभेला लागते काय? चाळीस वर्सं मी रांधून घातलं, आता चार चमचे मागते तर डाक्टर झालात."

ती हसली, खोकली. तिला उपाशी कशाला पाठवायचं, असं महिपतला वाटलं. घरातून कोणी उपाशी निघालेलं त्याने कधी बघितलं नव्हतं. चारच चमचे दिले. तिच्याच पदराने तिचं तोंडही पुसलं. पाऊण तासाने तिला आत नेलं. त्यानंतर ती बोललीच नाही. तोंडात नळी, नाकात नळी, उपसू नये म्हणून हात पट्टीने बांधलेले. तीन दिवस महिपत काचेतून ते हात बघत होता.

बारावं झाल्यावर सर्वेशने तक्रारीचा अर्ज लिहिला आणि ओटीवर बसून वाचून दाखवला. रुग्णाला काहीही खायला दिलेलं नव्हतं, पतीने स्वतः तसं सांगितलं आहे, असं त्यात होतं. सगळा अर्ज त्या एका वाक्यावर उभा होता.

"आप्पा, इथे सही."

"राहू दे रे. ती काय परत येणाराय?"

"बाईची नोकरी गेली पाहिजे. तुमचा जीव तुटत नाही का?"

जीव तुटत होता. पण खरं बोललं तर मुलगा पुन्हा तोंड बघेल का, आणि नाही बोललं तर त्या डॉक्टर पोरीचं काय होईल, या दोन्हींच्या मधे त्याला पाय हलवता येईना. त्याने सही केली.

सोमवारी रत्नागिरीत चौकशी आहे. डॉक्टरीणबाईलाही बोलावलंय. सर्वेश रिक्षा ठरवून आला. महिपतने अजून त्याला काही सांगितलेलं नाही.